कोयत्याची धार आणि पायरीवरच्या खाचा

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल बेळगावजवळच्या एका गडावर गेली होती. पाण्याच्या टाक्याजवळ गावातल्या एका उत्साही तरुणाने आम्हाला थांबवलं. टाक्याच्या काठाच्या दगडावर बोटभर रुंदीच्या सात-आठ खोल खाचा होत्या. तो म्हणाला, "इथं मावळे तलवारी पाजळत होते." सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. पण घरी आल्यावर ते काही पटेना. मी तीस वर्षं कारखान्यात धातू कापण्यात, घासण्यात घालवली. तलवार अशा खाचेत घासली तर धार लागत नाही, असलेली जाते. खाचेच्या दोन्ही भिंती पात्याला दोन्ही बाजूंनी घासतात आणि धारेचं टोक गोल होतं.

मग त्या खाचा कशाच्या? आणि हत्याराला धार लावल्याची खूण दगडावर राहतेच, तर ती कशी दिसते? याचं उत्तर द्यायचं तर आधी कोयता आणि कुऱ्हाड हातानं कशी पाजवतात ते नीट कळायला हवं. तलवारीपेक्षा ही दोन हत्यारं आपल्या भागात हजारपट जास्त झिजली आहेत, आणि त्यांनी दगडही तितकेच झिजवले आहेत.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात, रानाला लागून. तिथे घरटी एक कोयता आणि एक कुऱ्हाड असायचीच. कोयता कमरेला मागच्या बाजूला, लाकडी आकडीत अडकवलेला. कुंपणाच्या काट्या, गुरांचा पाला, शिरडं, नारळ, फणस, सगळं त्याच एका पात्यावर. आजही उसाच्या फडात कोयता हे नुसतं हत्यार नाही, तर मोजमाप आहे. तोडणीला आलेलं नवराबायकोचं जोडपं म्हणजे 'एक कोयता', आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. माणसं हत्याराच्या नावानं मोजली जातात, यावरून त्याच्या धारेवर काय काय अवलंबून असतं ते लक्षात यावं. बोथट कोयत्यानं दुप्पट घाव घालावे लागतात, आणि निसटलेला घाव नडगीवर येतो.

धार म्हणजे काय, इथून सुरुवात करू. पात्याच्या दोन बाजू ज्या रेषेत मिळतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी बारीक तितकी धार तीक्ष्ण, हे खरं. पण ती किती काळ टिकेल हे त्या दोन बाजूंमधल्या कोनावर ठरतं. वस्तऱ्याचा कोन पंधरा-सतरा अंशांचा असतो. तोच कोन कुऱ्हाडीला दिला तर बाभळीच्या पहिल्या गाठीला दात पडतील. झाड तोडायच्या कुऱ्हाडीला साधारण २५ ते ३० अंश लागतात, लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीला त्याहून जास्त, आणि कोयत्याला जवळपास ३०. म्हणजे प्रत्येक बाजूला पंधरा.

आता हे पंधरा अंश हातानं कसे धरायचे? माझ्या मामांना अंश वगैरे काही ठाऊक नव्हतं. ते पातं दगडावर आडवं ठेवायचे आणि पाठ अंगठ्याच्या जाडीएवढी उचलायचे. बस्स. मी नंतर मोजून पाहिलं. त्यांच्या कोयत्याच्या पात्याची रुंदी सहा सेंटीमीटर, उचल दीड. रुंदीच्या पावपट उचल म्हणजे साडेचौदा अंश, दोन्ही बाजू मिळून एकोणतीस. मला पुस्तकं उलटून जे सापडलं ते त्यांच्या अंगठ्यात आधीच होतं. (वाचकांपैकी कुणाला कोन ताडून बघायचा असेल तर कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. पंधरा त्याहून थोडा कमी.)

खरं कौशल्य कोन निवडण्यात नसून तोच कोन दोनशे वेळा राखण्यात असतं. मनगट हललं की धार गोल होते. म्हणून जुनी माणसं मनगट ताठ ठेवून खांद्यातून, उकिडवं बसून, अख्खं अंग मागेपुढे करत पाजवतात. आधी एक बाजू घासायची. काही वेळानं दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेनं नखाला अडकेल अशी बारीक लव लागते. वर्कशॉपात आम्ही तिला 'बर' म्हणतो. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की समजायचं, ही बाजू धारेपर्यंत पोचली. मग पातं उलटवून दुसरी बाजू. शेवटी हात हलका हलका करत आलटूनपालटून घासून लव काढायची, आणि सुक्या लाकडावर किंवा जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलट्या दिशेनं ओढायचं. धार लागली की नाही हे बोटानं बघू नये. पातं उजेडात धरावं. बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते, कारण तिला रुंदी असते आणि तिच्यावरून उजेड परततो. नीट धारेवर काहीच दिसत नाही.

कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. ती जड, दांडा मध्ये येतो, म्हणून हातात धरून दगडावर नीट फिरवता येत नाही. तिथे उलटं करतात. दांडा गुडघ्याखाली दाबून कुऱ्हाड स्थिर ठेवायची आणि मुठीत मावेल असा दगड तिच्यावर गोल गोल फिरवायचा. शिवाय कुऱ्हाडीच्या गालाला थोडं पोट असावं लागतं. गाल सपाट घासले तर कुऱ्हाड लाकडात शिरते आणि तिथेच रुतून बसते. पोट असेल तर ढलपी बाजूला ढकलली जाते आणि कुऱ्हाड सुटते. नवशिक्या माणसाची पाजवलेली कुऱ्हाड ओळखायची तर ती किती वेळा अडकते ते मोजावं.

आता दगड. दगड पोलादापेक्षा कठीण हवा, निदान त्याचे कण तरी. पाणी दिलेल्या पोलादाची कठीणता दगडांच्या भाषेत साडेसहाच्या आसपास येते. गारगोटीची सात. म्हणजे गारगोटीचे कण असलेला वालुकाश्म पोलाद कापतो. आपल्या बेळगावच्या आजूबाजूला मात्र बहुतेक काळा दगड, डेक्कन ट्रॅपचा बसाल्ट, आणि त्यावर जांभा. काळ्या दगडातल्या खनिजांची कठीणता पाच ते सहा. तो पोलादाला चकाकी देईल, पण कापणार नाही. जांभा तर भुसभुशीत. पूर्वेकडे गोकाक, सौंदत्तीच्या बाजूला गेलात की खडक बदलतो. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो वालुकाश्माचा. हा कलादगी नावाचा खडकसमूह. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर १८७६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या खडकांचं तपशीलवार वर्णन आहे.

आजोळच्या घरात एक तांबूस, वीतभर लांबीचा निसणा होता. आजी सांगायची, यल्लम्माच्या जत्रेहून बैलगाडीतून आणलेला. लहानपणी वाटायचं की देवीचा दगड म्हणून त्याला मान. पुढे भिंगाखाली धरला तेव्हा साखरेसारखे चमकणारे गारगोटीचे कण दिसले. जत्रेला जायचं, लिंबं-भंडारा घ्यायचा, आणि येताना चांगला दगड गाडीत टाकायचा. आमच्या काळ्या दगडाच्या गावाला वालुकाश्म मिळायची ती एक वाट होती.

ज्यांच्याकडे असा दगड नव्हता ते काय करायचे? काळ्या दगडाची पायरी, त्यावर ओढ्यातली बारीक वाळू आणि पाणी. कापणारी वाळू, दगड नुसता तिला आधार द्यायला. कारखान्यात याला लॅपिंग म्हणतात आणि त्यासाठी महागडी पूड डब्यातून येते. इथे ती ओढ्यात फुकट. फक्त एक होतं, वाळू पोलादाबरोबर पायरीलाही कापते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याहून वरचा दगड म्हणजे कुरुंद. कठीणता नऊ. तो म्हैसूरकडे आणि तमिळ मुलखात मिळतो. शिकलगार लोक कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिचं चाक बनवत, एकानं पट्टा ओढून चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं पातं टेकवायचं. शिकलगार हा शब्द फारसीतून आला, 'सैकल' म्हणजे झिलई. तलवारी, कट्यारी यांची धार हे त्यांचं काम. टाक्याच्या काठावर बसून तलवार खरवडण्याची कुणाला गरज नव्हती, याचं हे आणखी एक कारण. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द दक्षिणेतल्या याच कुरुंदावरून गेला. पुढे एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन माणसानं भट्टीत एक नवं कठीण द्रव्य तयार केलं आणि १८९३ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याला वाटलं हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. तो समज चुकीचा होता, पण नाव राहिलं. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात 'कार्बोरंडम दगड द्या' म्हटलं की आपलाच कुरुंद परदेशी सासर करून परत आलेला असतो.

एवढं सगळं असताना मशीनवर का नको, असं कुणीही विचारेल. मी विचारलं नाही, थेट केलं. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी सुट्टीत आजोळी गेलो आणि मामांचा कोयता मोठ्या फुशारकीनं शहरात घेऊन आलो. बेंच ग्राइंडरवर पाच मिनिटांत धार लावली. आरशासारखी. परत नेऊन मामांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात तिरका धरला, धारेलगतचा निळा पट्टा बघितला आणि म्हणाले, "पाणी घालवलास की रे त्याचं." दोन दिवसांत धार दुमडली, पत्र्यासारखी.

काय झालं होतं ते मला, इंजिनिअर असून, त्या निळ्या रंगावरून आधीच कळायला हवं होतं. लोहार कोयता बनवताना पातं लालभडक करतो, सुमारे आठशे अंशांपर्यंत, आणि धारेची बाजू पाण्यात बुडवतो. पोलाद काचेसारखं कठीण होतं, पण ठिसूळ. मग धार घासून उजळ करतो आणि वाट बघतो. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळ भागावर रंग चढत जातात, आधी पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे २२० अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३००. हव्या त्या रंगावर पुन्हा पाण्यात. हेच 'पाणी देणं'. रंग जितका पुढे जाईल तितकं पोलाद मऊ. ग्राइंडरचं सहा इंची चाक मिनिटाला २,८०० फेरे घेतं, म्हणजे त्याचा काठ सेकंदाला २२ मीटर, ताशी जवळपास ८० किलोमीटर वेगानं पात्यावर घासतो. धारेपाशी धातू कागदाएवढा, उष्णतेला पळायला जागा नाही. डोळ्यांदेखत निळा पट्टा येतो, आणि कधी कधी तो निळ्याच्याही पुढे जातो. हाताचा दगड सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर जातो आणि त्यावर पाणी असतं. हातानं पाजवलेल्या कोयत्याचं पाणी जात नाही, याचं कारण एवढंच.

मामांनी तो कोयता लोहाराकडे दिला. तापवून, ठोकून, धार पुढे ओढून पुन्हा पाणी देणं याला आमच्याकडे 'शेवटणं' म्हणतात. नांगराचा फाळ शेवटतात, कुऱ्हाड शेवटतात. जुन्या कुऱ्हाडी अंगानं मऊ लोखंडाच्या असत आणि फक्त तोंडाला तिखं, म्हणजे पोलाद, जोडलेलं असे. वर्षानुवर्षं पाजवत गेलं की एक दिवस तिखं संपतं आणि खालचं लोखंड उघडं पडतं. मग लोहार नवं तोंड लावतो. आता बहुतेक लोहार मोटारीच्या कमान पाट्याचं पोलाद वापरतात, त्यामुळे अख्खं पातंच पोलादी. काम सोपं झालं. मामांचा कोयता शेवटून आला तो अर्धा बोट अरुंद होऊन. माझ्या पाच मिनिटांची किंमत तेवढी होती. (कानस मात्र चालते. ती हातानंच फिरते, म्हणून पातं तापत नाही. पोलाद लवकर खाते एवढंच. फडात दगड-पाण्याला वेळ नसतो, तिथे कानसच.)

आता पायरीकडे वळू. आमच्या आजोळच्या गावात देवळासमोर ओढ्याला उतरायला काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. त्यातली खालून तिसरी पायरी म्हणजे गावाचा निसणा. पेरणीआधी आणि खंडेनवमीला तिथे रांग लागायची. त्या पायरीवर दोन प्रकारची झीज होती. वरच्या सपाट भागावर एक लांबट, उथळ, परातीसारखा खळगा. आणि पुढच्या कडेला एका जागी कोपरा घासून साबणाच्या वडीसारखा गोल झालेला. लहानपणी वाटायचं, कडेवर बायका धुणं आपटतात म्हणून ती गोल झाली असणार. उत्तर हत्याराच्या आकारात आहे हे फार उशिरा कळलं. कुऱ्हाडीची धार बाहेर फुगलेली असते, ती वाळूबरोबर सपाट दगडात स्वतःसाठी बशी कोरते. आमच्याकडच्या कोयत्याची धार मात्र टोकाशी आत वळलेली. आत वळलेली धार सपाट दगडावर टेकतच नाही, तिला बाहेर फुगलेला दगड लागतो. म्हणून कोयता पायरीच्या कडेवर पाजवायचा. खळगा कुऱ्हाडीचा, गोल कड कोयत्याची.

अशी बशी ही फार जुनी खूण आहे. बळ्ळारीजवळ संगनकल्लू इथे नवाश्मयुगातल्या माणसांनी डोलेराइट या काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवल्या. त्या घासून गुळगुळीत करताना तिथल्या ग्रॅनाइटच्या शिळांवर लांबट खळगे पडले, ते आजही दिसतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातलं हे काम. कुऱ्हाड दगडाची असो की लोखंडाची, घासणाऱ्या हाताची ये-जा तीच, म्हणून खळग्याचा आकारही तसाच. दोन्ही टोकांना उथळ, मध्ये खोल.

या कसोटीवर गडावरच्या खाचा घासून बघा. त्या अरुंद होत्या, तळाशी गोल, काठाला काटकोनात, आणि सर्वांत खोल कुठे, तर अगदी कडेवर, जिथे दगड पाण्याकडे वळतो. कडेपासून आत येताना उथळ होत होत संपत होत्या. मध्ये खोल आणि टोकांना उथळ अशी एकही नव्हती. ही झीज दोराची. कडेवरून ओल्या सुंभाचा दोर वर्षानुवर्षं ओढला, दोरात मातीचे कण अडकले, की दगडाला अशाच खाचा पडतात. आपल्याकडच्या कितीतरी आडांच्या काठांवर त्या आहेत. तो तरुण ज्याला तलवारींची जागा म्हणाला ती गडावरच्या पाणी भरणाऱ्या माणसांची जागा होती. एका वेळी सात-आठ जणांना उभं राहता येईल एवढी. शिबंदीला रोज किती पाणी लागायचं याचा विचार त्या खाचांवरून सुरू करता येतो. तलवारींच्या गोष्टीवरून तो कधीच सुरू झाला नसता.

अर्थात प्रत्येक खाच या दोनांपैकीच एक असेल असं नाही. गोल खोल खड्डा असेल तर तो उखळ, एका ओळीत बारीक वाट्या असतील तर बहुधा खेळाचा पट. बघताना घाई करू नये. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरक्या उन्हात बघावं, नसेल तर बॅटरी आडवी धरावी. तांब्याची मऊ तार खाचेत दाबून तिचा आकार वहीत उतरवून घ्यावा, खोली सर्वांत जास्त कुठे आहे ते लिहावं. खळगा असेल तर हात फिरवून पाहावा, काचेसारखा गुळगुळीत लागतो. आणि कृपा करून स्वतःचा चाकू त्यावर घासून बघू नये. एका सहलीत एकानं ते केलं आहे.

आजोळच्या त्या पायऱ्या आता नाहीत. सात-आठ वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला, देवळाला चकचकीत ग्रॅनाइट बसलं आणि ओढ्याकडे काँक्रीटचा उतार आला. कुणाचा दोष आहे असंही नाही. म्हाताऱ्या माणसांचे पाय त्या पायऱ्यांवरून घसरत होते. जुने दगड पायात भरायला गेले. तिसरी पायरी फोडताना दोन तुकडे झाले, त्यातला खळग्याचा तुकडा मामांनी बैलगाडीतून घरी आणला. गोल कडेचा तुकडा गेला.

गेल्या मे महिन्यात त्या तुकड्याची मापं घ्यायला गेलो. लांबी ६२ सेंटीमीटर, खळग्याची सर्वांत जास्त खोली ३.५. परसात, हातपाय धुवायच्या जागेशेजारी तो ठेवलाय. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कोयता धरत नाहीत. मी टेप लावायला खाली वाकलो तेव्हा खळग्यात राखाडी पाणी साचलेलं होतं आणि तळाला वाळू. मामेभावाच्या मुलीला विचारलं, कोण पाजवतं इथे? ती म्हणाली, "मीच की, काका. गवत कापायचं असतंय."